खाऱ्या सरोवराकाठचे विहारग्राम

हवापालटाचे ठिकाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. महाबळेश्वर काय, माथेरान काय, किंवा दूरचे सिमला-मसुरी काय. उन्हाळ्याने जीव नकोसा झाला म्हणजे माणसाने वर चढावयाचे, हा आपला परिपाठ. फार तर कोणी समुद्रकाठी जातो. परंतु ज्या मुलुखात डोंगर नाही, जेथून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो मैल दूर आहे आणि नजर पोहोचेल तेथवर गव्हाची सपाट शेतेच शेते पसरली आहेत, तेथील माणसाने विसाव्यासाठी जावे कोठे? कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या रहिवाशांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, त्यांपैकी एकाचे नाव मनिटू बीच. उण्यापुऱ्या साडेतीनशे वस्तीचे हे गाव. पण त्याचा शंभर वर्षांचा इतिहास पाहू लागले म्हणजे गाव केवढे, यापेक्षा गाव कशावर जगते हा प्रश्न अधिक मनोरंजक वाटू लागतो. म्हणून त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहो.

प्रथम तो मुलूख डोळ्यांपुढे आणला पाहिजे. रॉकी पर्वताच्या पूर्वेस आल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांच्या दक्षिण भागातून जे अफाट मैदान पसरले आहे त्यास प्रेअरी म्हणतात. १८७२ साली कॅनडा सरकारने कायदा करून या मैदानातील जमीन वसाहतवाल्यांस देण्यास आरंभ केला. १० डॉलर भरावे, १६० एकर घ्यावे, त्यावर राहून ती लागवडीस आणावी आणि मग मालक व्हावे, असा तो सौदा होता. सर्व जमीन आधीच एकेक मैलाच्या चौकोनांत आखलेली. प्रत्येक चौकोनाचे चार भाग, आणि एका भागावर एक बिऱ्हाड. सौदा स्वस्त खरा. पण त्याची एक किंमत कागदावर लिहिलेली नव्हती. प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर घर बांधावयाचे असल्यामुळे आपल्याकडे असते तसे गावठाण तेथे उरले नाही. शेजारीण अर्ध्या मैलावर, कधी मैलावर. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-वीस अंश उतरला म्हणजे तेवढे अंतरही ओलांडवत नसे. चार जावा, दोन नणंदा आणि आल्यागेल्याच्या गर्दीने त्रासून गेलेल्या आमच्या वाचक-भगिनींना ही शांतता क्षणभर हेवा करण्याजोगी वाटेल. परंतु सहा-सहा महिने दुसऱ्या बाईचे तोंड दृष्टीस न पडणे ही काय चीज आहे, हे त्या वसाहतीतील बायकांनाच ठाऊक.

अशा जीवनात वर्षातून एकदाच थोडी उसंत मिळे. मे महिन्यात आणि जूनच्या आरंभी पेरणी व्हावयाची, ऑगस्टच्या मध्यापासून कापणीची धांदल सुरू व्हावयाची. या दोहोंच्या मध्ये जुलै महिना पडतो. मुलांच्या शाळा जुलै-ऑगस्टात बंद. दिवस लांबलचक; रात्री नऊ वाजताही उजेड असतो. प्रेअरीवरची झाडून सारी विहारस्थाने या एका महिन्याच्या फटीत जन्मास आली आहेत असे म्हटल्यास चालेल. १९०८ साली ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेने वॉट्रस नावाचे ठाणे वसविले, आणि तेथून उत्तरेस साडेतीन-चार मैलांवर असलेला लिट्ल मनिटू हा खारा तलाव एकाएकी लोकांच्या आटोक्यात आला. सस्काटून शहरापासून हे ठिकाण आग्नेयेस सुमारे ७५ मैलांवर आहे.

हा तलाव म्हणजे एक विलक्षण प्रकरण आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे प्रचंड थर वितळू लागले, तेव्हा त्या पाण्याच्या लोंढ्यांनी सपाट भूमीत खोल चऱ्या कोरल्या. अशाच एका चरीत हा तलाव साचला आहे. लांबी सुमारे १२ मैल, रुंदी मात्र नदीच्या पात्रासारखी बेताची, आणि खोलीही फार नाही. वितळलेले बर्फ, पावसाचे पाणी आणि जमिनीखालचे झरे एवढे त्यात येते; बाहेर मात्र काहीच जात नाही. या तलावास निकासच नाही! आत आलेल्या पाण्याने बाहेर पडावयाचे ते वाफ होऊनच. झऱ्यांनी मातीतून विरघळवून आणलेले मॅग्नेशियम, सोडियम वगैरेंचे क्षार वाफेबरोबर जाऊ शकत नाहीत. ते मागे राहतात. हे हजारो वर्षे चालले आहे. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अगदी निराळ्या कारणाने, म्हणजे उल्कापाताने, निर्माण झाले. पण बिननिकासाचे म्हणून तेही असेच खारावले आहे. चुलीवर पाक ठेवून गृहिणी विसरून गेली तर काय होते, ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. तसा हा निसर्गाचा विसरलेला पाक आहे, मात्र गोड नाही.

परिणामी लिट्ल मनिटूचे पाणी समुद्राच्या कित्येक पट खारट झाले. पॅलेस्टाइनकडील मृत समुद्राची बरोबरी त्यास करता येत नाही, पण जातकुळी तीच. त्याचे विशिष्टगुरुत्व १.०६च्या आसपास सांगतात. समुद्राच्या पाण्याचे १.०२५ असते. या किरकोळ वाटणाऱ्या फरकाने मोठी गंमत होते. पोहता न येणारा मनुष्यही त्यात बुडत नाही. उताणा पडला की लाकडाच्या ओंडक्याप्रमाणे तरंगत राहतो. पाय खाली टेकावयाचे म्हटले तर तेच वर येतात. डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये, आणि बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवावे, नाही तर अंगावर मिठाचा पापुद्रा धरतो, इतकेच पथ्य. मासे तेथे जगत नाहीत. खाऱ्या पाण्यात राहणारी नखाएवढी कोळंबी मात्र असंख्य असते.

खारटपणा केवळ तलावापुरता नाही. आसपासच्या मातीतही तो भिनलेला आहे. याचा एक अनपेक्षित उपयोग झाला, तो जाता जाता नमूद करतो. १९३९ साली कॅनडाच्या राष्ट्रीय नभोवाणीने प्रेअरी प्रांतांसाठी ५० किलोवॅट शक्तीचे प्रक्षेपण केंद्र उभारावयाचे ठरविले, तेव्हा मोठी शहरे सोडून वॉट्रसची निवड केली. क्षारयुक्त जमीन विजेची उत्तम वाहक असल्यामुळे तेथून निघालेल्या लहरी फार दूरवर पोहोचतात. ज्या एकाकी घरांची आम्ही वर हकीकत सांगितली, त्यांच्या स्वयंपाकघरांत माणसाचा आवाज पोहोचविण्याचे काम या खाऱ्या मातीने असे केले.

आता नावाविषयी. उत्तर अमेरिकेतील क्री आदी मूळच्या लोकांच्या भाषांत 'मनिटू' म्हणजे चराचरात वसणारी दैवी शक्ती. गोऱ्यांची वसाहत होण्याच्या कितीतरी आधीपासून क्री आणि असिनीबॉइन लोक या पाण्याचा औषधी म्हणून उपयोग करीत. दंतकथा अशी आहे की, देवीच्या साथीत काही तरुण आजारी पडले. त्यांच्याने चालवेना म्हणून बरोबरच्यांनी त्यांना तलावाकाठी ठेवून पुढची वाट धरली. तापाने व तहानेने व्याकूळ झालेले ते तरुण सरपटत पाण्यापाशी गेले, पाणी प्याले, त्यात पडून राहिले, आणि बरे होऊन आपल्या माणसांत परतले. साथ होती ही गोष्ट इतिहासाची आहे. १८३७ साली देवीने त्या मैदानावरील जमातींत जो हाहाकार उडविला त्याची वर्णने अंगावर काटा आणणारी आहेत. तलावाने देवी बरी केली, ही मात्र श्रद्धेची बाब. देवी आलेल्यांपैकी काही जण कोणत्याही उपचाराशिवाय वाचतच असत, आणि जे वाचले त्यांचीच कथा मागे राहिली असणार. परंतु या कथेत आम्हांस वेगळीच गोष्ट बोचते. १८७० नंतरच्या करारांनी हे लोक राखीव जागांत बंदिस्त झाले. त्यांच्या पवित्र पाण्याच्या काठी दुसऱ्यांनी तिकिटे लावून स्नानगृहे थाटली, आणि जाहिरातींत कथा मात्र त्यांचीच वापरली.

स्नानाने गुण येतो की नाही, हा प्रश्न आमच्या घराघरांतील वडीलधारी मंडळी विचारल्याशिवाय राहणार नाहीत. म्हणून आमचे मत स्पष्ट सांगतो. सांधे धरलेल्या माणसाचे शरीर अशा पाण्यात तोलले जाते, गुडघ्यांवरील भार नाहीसा होतो आणि त्याला हालचाल करता येते. यात चमत्कार नाही व थोतांडही नाही. त्वचेच्या काही विकारांत खाऱ्या स्नानाने उतार पडतो हेही वैद्यकास मान्य आहे. याच्या पलीकडचे जे दावे एके काळी केले जात, ते विक्रेत्याच्या तोंडचे समजावेत.

१९१९ साली मनिटू बीच हे रीतसर गाव म्हणून नोंदले गेले आणि पुढील दहा वर्षे त्याच्या वैभवाची गेली. 'कॅनडाचे कार्ल्सबाद' अशी त्याची जाहिरात होई. युरोपातील त्या प्रसिद्ध आरोग्यस्थानी राजेरजवाडे जात; येथे येई तो कोपरांना ठिगळे लावलेला शेतकरी, त्याची बायको, चार-पाच मुले आणि संधिवाताने वाकलेली आजी. काही बिऱ्हाडे तंबूत उतरत, काही लाकडी खोपटांत. सकाळी स्नान, दुपारी सरोवराकाठी फराळ, आणि रात्री नाच.

या नाचाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. १९२८ साली येथे 'डान्सलँड' नावाचे नृत्यगृह बांधण्यात आले. ते अद्यापि उभे आहे. त्याची जमीन मेपल लाकडाच्या फळ्यांची असून तिच्याखाली घोड्यांच्या केसांचा जाड थर दाबून भरला आहे. गादीत कापूस भरावा त्याप्रमाणे. त्यामुळे नाचणाऱ्यांच्या पावलांखाली ती किंचित दबते व पुन्हा वर येते, आणि रात्रभर नाचूनही पाय दुखत नाहीत असे म्हणतात. त्या सालाकडे लक्ष दिले म्हणजे या केसांचा अर्थ कळतो. प्रेअरीवर ट्रॅक्टर याच सुमारास येऊ लागला होता आणि नांगराचा घोडा मागे पडत चालला होता. ज्या जनावराने ती भूमी फोडली त्याच्या आयाळीवर नि शेपटीवर त्याचे मालक नाचू लागले. असा नाचाचा मंच आता जगात फारच थोड्या ठिकाणी उरला आहे.

आमच्या काही वाचकांस स्त्रीपुरुषांच्या या मिश्र नाचाचे कौतुक वाटणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. तथापि तेथील परिस्थिती ध्यानी घ्यावी. मैलामैलावर विखुरलेल्या घरांतून वाढलेल्या मुलामुलींनी एकमेकांस पाहावे तरी कोठे? मध्यस्थ नाही, कुंडली नाही, मावशीच्या नणंदेचे स्थळ सुचविणारे कोणी नाही. आईबापांच्या डोळ्यांदेखत, बाकांवर बसलेल्या आज्यांच्या पहाऱ्यात चालणारा हा नाच, हीच तेथील वधूवरसूचक सभा. त्या जमिनीवर प्रथम भेटलेली जोडपी पुढे आपल्या विवाहाची पन्नाशी साजरी करावयास तेथेच येत, हे ऐकून आम्हांस तरी नवल वाटले नाही.

त्यानंतर १९३० चे दशक उजाडले. जगभर मंदी, आणि सस्कॅचेवानात तिच्या जोडीला अवर्षण. एका बुशेल गव्हास १९२९ साली डॉलरभर भाव येत होता, तो १९३२ साली सुमारे ३५ सेंटांवर आला. शेतांतली माती वाऱ्याबरोबर उडून आकाश काळवंडू लागले. विहारस्थान हे मुळात फावल्या पैशावर चालावयाचे; फावला पैसा म्हणून काही उरलाच नाही. तरीही गाव मेले नाही, आणि त्याचे श्रेय काही अंशी सरकारला दिले पाहिजे. १९३१ साली प्रांतिक सरकारने जी पहिली सहा प्रांतिक उद्याने जाहीर केली त्यांत लिट्ल मनिटूचा समावेश होता. मंदीच्या त्या वर्षांतच बेकारांच्या हातांस काम देऊन तेथे दगडी स्नानगृह उभे राहिले. उपाशी माणसाला विहाराची इमारत बांधावयास लावणे हा विनोद वाटेल. पण त्या माणसाच्या घरी त्या आठवड्यात पीठ आले, ही गोष्ट विनोदाची नव्हती.

गावास खरी उतरती कळा लागली ती मंदीने नव्हे, तर भरभराटीने. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आल्या, रस्ते सुधारले, आणि रेल्वे नेईल तेथेच जाण्याची सक्ती संपली. उत्तरेस थोड्या अंतरावर गोड्या पाण्याची, गर्द झाडीची, मासळीने भरलेली शेकडो सरोवरे आहेत. मोटार असलेला माणूस खाऱ्या पाण्यात कशाला येतो? दुसरे कारण आमच्या तर्काचे आहे, तेवढ्यापुरतेच ते घ्यावे. सस्कॅचेवान हा सार्वजनिक आरोग्यविम्याच्या बाबतीत सबंध कॅनडास वाट दाखविणारा प्रांत. टॉमी डग्लस यांच्या सरकारने १९४७ साली इस्पितळातील उपचारांचा विमा सुरू केला, आणि १९६२ च्या जुलैपासून डॉक्टरची फीदेखील सरकार भरू लागले. डॉक्टर परवडत नव्हता तोवर तलाव हा गरिबांचा डॉक्टर होता. खरा डॉक्टर मिळाल्यावर तलावाकडे केवळ गमतीसाठी जावयाचे उरले. १९५५ साली, प्रांताच्या स्थापनेस पन्नास वर्षे झाली तेव्हा, येथे मोटारीत बसून पाहावयाचे उघड्यावरचे चित्रपटगृह निघाले. १९८० च्या दशकात जुने स्नानगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, आणि १९८७ साली तलावाचे पाणी गरम करून बंदिस्त हौदात खेळविणारे नवे स्नानगृह व निवासस्थान बांधण्यात आले. हिवाळ्यातही पाहुणा यावा हा त्यामागील हेतू.

येथवर गावाची गोष्ट, आता गावकऱ्यांची. 'रिसॉर्ट व्हिलेज' ही सस्कॅचेवानच्या कायद्यातील एक खास संज्ञा आहे. तिला आम्ही विहारग्राम म्हणतो. शहर, गाव यांच्याप्रमाणे हीही स्वतंत्र नगरसंस्था असते. तिला आपला महापौर, आपले सभासद, आपला कर. प्रांतात अशी चाळीसेक विहारग्रामे आहेत. यांतील गोम अशी की, गावात जितकी घरे तितकी बिऱ्हाडे नसतात. मनिटू बीचमध्ये २०२१ च्या शिरगणतीत ३६४ माणसे मोजली गेली. २०१६ मध्ये ती ३१४ होती, म्हणजे वस्ती वाढते आहे. परंतु सुमारे चारशे घरांपैकी जवळजवळ निम्म्या घरांना शिरगणतीच्या दिवशी कुलूप होते. ती उन्हाळकऱ्यांची घरे. मालक सस्काटूनला अथवा रेजायनाला राहतात, कर मात्र येथे भरतात. आणि जो कर भरतो त्याला मत, या न्यायाने मिळकतदार म्हणून गावच्या निवडणुकीत मत देतात. इतर गावांच्या निवडणुका शरद ऋतूत होतात. विहारग्रामांच्या मात्र जुलैअखेर ठेवतात. कारण उघड आहे: त्या वेळी मतदार गावात असतो!

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस या व्यवस्थेतील अडचण फोड करून सांगावयास नको. मूळ घरी राहणारा एक भाऊ आणि नोकरीनिमित्त मुंबईस गेलेला दुसरा. दोघांचा हिस्सा सारखा, पण कौले कोणी शाकारावीत आणि विहीर कोणी उपसावी यावरून गणपतीत किंवा मे महिन्यात जे होते, तेच तेथे ग्रामसभेत होत असले तर आश्चर्य नाही. बारमाही राहणाऱ्यास जानेवारीत रस्त्यावरचे बर्फ काढून हवे असते. उन्हाळकरी म्हणतो, मी जानेवारीत येतच नाही, मला जुलैत किनारा स्वच्छ हवा. दोघांचे म्हणणे आपापल्या परीने खरेच आहे. त्यातून बारमाही राहणाऱ्यांत सेवानिवृत्त वृद्धांचा भरणा मोठा, त्यामुळे इस्पितळ, औषधे, सोबत यांच्या चिंता निराळ्या.

आणि या सर्वांच्या वर तलाव आहेच. २०१० नंतर प्रेअरीवर ओली वर्षे लागोपाठ आली. नदीला पूर येतो तो चार दिवसांनी ओसरतो. निकास नसलेल्या तलावाचे पाणी चढले की चढलेलेच राहते, आणि पुढच्या वसंतात वितळणारे बर्फ त्यात भर घालते. लिट्ल मनिटूचे पाणी वर्षावर्षाने काठावरील घरांकडे सरकू लागले. ज्या वाळूवर तीन पिढ्यांनी फराळाचे डबे उघडले होते ती पाण्याखाली गेली, आणि घरे वाचविण्यासाठी किनाऱ्याने मातीचा बांध घालावा लागला. बांधाने घर राखले, पण घर व तलाव यांच्या मध्ये भिंत उभी केली. ज्याने पाणी दिसावे म्हणून चढ्या भावाने पहिल्या रांगेतली जागा घेतली, त्याला खिडकीतून आता मातीचा उंचवटा दिसावयाचा.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. क्षार तेवढेच आणि पाणी जास्त, म्हणजे पाक पातळ. पूर्वी जितके सहज तरंगता येई तितके आता येत नाही, असे जुने लोक म्हणतात ते खोटे नसावे. गाव ज्याच्यावर जगते ती वस्तूच पाण्याच्या प्रत्येक वितीबरोबर थोडी विरते. उलट अवर्षण पडले तर पाणी अधिक गुणकारी, अधिक तरंगते, किनाराही रुंद. पण मग भोवतालचे शेत करपते, आणि शेत करपले म्हणजे जुलैत यावयाचा शेतकरी घरीच बसतो. १९३० नंतर तो बसलाच होता.

बांध आणखी उंच करावा की काठची घरे मागे हटवावीत, आणि कोणत्याही मार्गाने गेले तरी खर्चाचा वाटा टेकाडावर राहणाऱ्याने किती उचलावा व वर्षातून सहा आठवडे येणाऱ्याने किती, हे प्रश्न असल्या गावास फार काळ टाळता येत नाहीत. शेजारचा शेतकरी मार्च-एप्रिलात बर्फ भरपूर वितळावे, जमीन ओली व्हावी म्हणून वाट पाहतो. त्याच दिवसांत चार मैलांवरचा वृद्ध घरमालक काठी टेकीत बांधावर चढतो आणि पाणी मागच्या वर्षीच्या खुणेपासून किती वर आले ते पाहून येतो.